होम्सच्या भिकाऱ्याचा हिशोब जुळतो का?

मधली_सुट्टी: (पुढे रहस्य फुटलंय, न वाचलेल्यांनी इथूनच मागे फिरा.) काल कॉनन डॉयलची शेरलॉक होम्सकथा ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ (१८९१) परत वाचली. नेव्हिल सेंट क्लेअर, ली गावचा अब्रूदार गृहस्थ, बायको, दोन मुलं. सकाळी लंडनला जाणार, संध्याकाळी ५.१४ च्या गाडीने परत. मधल्या वेळात तोंडाला रंग फासून थ्रेडनीडल स्ट्रीटवर भीक मागणार! कमाई म्हणे वर्षाला ७०० पौंडांच्या वर. अतीच नाही का हे?

निवृत्त_कॅशियर: चोवीस वर्षं कॅश काउंटरला काढली, त्यामुळे माझं लक्ष चिल्लरीवरच. थेम्सच्या चिखलात त्याचा कोट सापडतो, खिशांत ४२१ पेन्या आणि २७० अर्ध्या पेन्या. तेव्हा १२ पेन्यांचा शिलिंग, २४० पेन्यांचा पौंड. म्हणजे २ पौंड ६ शिलिंग ४ पेन्स. आता रविवार-सुट्ट्या सोडून ३०० दिवस धरा नि ७०० ला भागा. दिवसाला २ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. फरक चार पेन्सचा! डॉयलने मुद्दाम जुळवलं की आपसूक जुळलं, देव जाणे. आधी वार्ताहर असताना सेंट क्लेअरला आठवड्याला मिळायचे २ पौंड.

वजनही काढलं. ब्राँझच्या ४८ पेन्या किंवा ८० अर्ध्या पेन्या म्हणजे एक रत्तल (वजनाचा पौंड). एकूण साडेपाच किलो! कोट वाहून जातोय कुठला.

मला खटकतो तो वास. चिल्लर मोजली की हाताला तांबूस, आंबट वास चिकटतो, साबणाने जात नाही. घरी पाऊल टाकलं की ही विचारायची, “आज नाणी मोजलीत वाटतं?” मिसेस सेंट क्लेअरला इतक्या वर्षांत एकदाही कसा आला नाही?

जाईजुई: काका, कपडे तो अफूच्या अड्ड्यावरच्या खोलीत बदलायचा, तिथेच हात घासत असेल. पुढे स्वतःच्याच खुनाच्या संशयावरून भिकारी म्हणून पकडला जातो, तेव्हा कोठडीतसुद्धा हात तेवढे धुतो, तोंड नाही. म्हणून तर होम्सला स्पंज न्यावा लागतो! मला राग येतो वेगळाच. फासावर जाईन म्हणतो, पण मुलांना कळायला नको. आणि बायको? ती बिचारी तिकडे मेला की जिवंत करत बसलेली.

मधली_सुट्टी: बरं, पण भर रस्त्यात पोलिस बसू कसे द्यायचे?

निवृत्त_कॅशियर: मेणाच्या आगकाड्या विकायचं सोंग होतं ना. १८२४ च्या कायद्याने भीक मागणं गुन्हा, काड्या विकणं नव्हे. शेजारी फुटपाथवर चामडी टोपी उताणी ठेवलेली. काड्या किती खपल्या, तो आकडा मात्र डॉयलने दिलेला नाही. मी शोधला.