अनुभव धागा: गुलमर्गच्या झाडीतलं स्कीइंग, इंदूरहून बेत आखताना

राजवाडा_चौक (धागाकर्ती)

सोलंगचा पहिला आठवडा आणि औलीचे फोटो यावर लिहून झालंय. हा धागा त्यापुढच्यांसाठी: ज्यांना दोन्ही बाजूंना नीट वळता येतं, स्कीइंगसाठी तयार केलेल्या पट्ट्यावर आता कंटाळा येतो आणि फर-कैलच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलातून उतरायचंय. आठवणी नकोत, माहिती लिहा: काय करावं, काय बिघडतं, का बिघडतं.

सुरुवात माझ्याकडून. गुलमर्ग २,६५० मीटरवर. गोंडोलाचा (केबल कारचा) पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो आणि दुसरा, म्हणजे फेज टू, अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९५०च्या आसपास. बहुतेकांचा सगळा बेत या दुसऱ्या टप्प्यावर टांगलेला असतो, आणि तिथेच फसतो. जोराचा बर्फ पडला की वारा आणि हिमस्खलनाचा धोका यामुळे वरचा टप्पा बंद राहतो, कधी लागोपाठ दोन-तीन दिवस. वर उघड्यावर ढग आला की आकाश आणि उतार एकच पांढरे, पायाखालचा खड्डासुद्धा दिसत नाही. खाली झाडीत मात्र काळ्या खोडांमुळे उतार डोळ्यांना कळतो, वारा अडतो आणि ताजा बर्फ भुसभुशीत राहतो. म्हणून बेत झाडीभोवती आखा. फेज टू मिळाला तर वरकमाई.

तारखा: चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीचा काळ, २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर. पण डिसेंबरच्या बर्फावर भरवसा ठेवू नका. पडलेली खोडं, झुडपं आणि ओढे झाकायला जाड थर लागतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा, हा काळ बरा. तरी हमी नाही. जानेवारी २०२४ जवळजवळ कोरडा गेला, आणि २०२५मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाच्या गुलमर्गच्या स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या. तिकीट बदलता येईल असंच काढा, पश्चिमी विक्षोभाचा (बर्फ आणणाऱ्या वादळी हवेचा) अंदाज पाहून पाच-सहा दिवस आधी पक्कं करा.

मालवा_एक्सप्रेस

प्रवासाचं मी लिहितो. विमानाने गेलात तर दिल्लीत बदल करताना दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. दिल्लीचं धुकं आणि श्रीनगरचा बर्फ, दोन्हीमुळे विमानं रद्द होतात. तिकिटं वेगळी असली तर पुढच्याची जबाबदारी कोणी घेत नाही. चेक-इनची मर्यादा देशांतर्गत साधारण १५ किलो, आणि बूट, स्की, हेल्मेट मिळून ती सहज ओलांडते. जादा वजन आधी ऑनलाइन घ्या. बूट हातातल्या पिशवीत ठेवा: स्की भाड्याने मिळतात, पायात बसणारे बूट मिळतीलच असं नाही.

रेल्वेने आता जाता येतं. महूहून निघणारी मालवा एक्सप्रेस इंदूर, उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर करत कटऱ्याला जाते, आणि जून २०२५पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. पुढचा प्रवास सुमारे तीन तासांचा. रामबन-बनिहालकडे हायवे दरड किंवा बर्फाने बंद असला तरी रुळाची वाट बरीचशी बोगद्यांतून जाते. पण हिवाळ्यात मालवा उत्तरेच्या धुक्यात किती उशीर करेल सांगता येत नाही, म्हणून कटऱ्यात एक रात्र राखा. श्रीनगरच्या गाडीआधी कसून तपासणी असते, तास-दीड तास आधी पोहोचा. परतीला श्रीनगर विमानतळावर तपासणी बाहेरच्या फाटकापासूनच सुरू होते, तीन तास धरून निघा.

श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत साधी टॅक्सी चालते. त्यापुढचे १३ किलोमीटर, बर्फ पडला की, फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेली गाडी. हे भाडं वेगळं असतं, ठरवताना "टंगमर्गच्या पुढे कोण नेणार?" हे आधीच विचारा.

पोहे_जिरावण

छोट्या गोष्टी, पण यांवरच अडतं. आपल्याकडची प्रीपेड सिम तिथे रोमिंगवर चालत नाहीत, पोस्टपेड हवं, तेही प्रत्येकाकडे. झाडीत चुकामूक झाली की एकाच फोनचा उपयोग शून्य. सॅटेलाइट मेसेंजर (गार्मिन वगैरे) परवान्याशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. परदेशी लोक त्यापायी अडकलेत. ड्रोनही नको, परिसर लष्करी आहे.

बूट वाळवताना बुखारीला (खोलीतल्या शेगडीला) टेकवू नका, आतलं अस्तर उष्णतेने आकार सोडतं. अस्तर बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. वीज जाते, म्हणून इलेक्ट्रिक ब्लँकेटवर विसंबू नका. आणि हो, जिरावणची पुडी न्या, तिथल्या पोह्यांचं काही खरं नसतं.

लष्करकर (ग्वाल्हेर)

सामानाबद्दल नेमकं.

स्की: मधल्या अरुंद भागात (स्कीच्या कमरेला) १०० मिलिमीटर किंवा जास्त रुंद, लांबी आपल्या उंचीच्या आसपास. अरुंद स्की ताज्या बर्फात बुडतात, आणि झाडीत बुडलेली स्की वळत नाही.

बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी, पडल्यावर सुटणारी पकड): भाड्याच्या दुकानात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची पातळी सांगून समोर लावून घ्या. "पावडरमध्ये (ताज्या भुसभुशीत बर्फात) सुटू नये" म्हणून पकडीचा आकडा वाढवायचा सल्ला मिळतो. ऐकू नका, खोडाला स्की अडकली तर बाइंडिंग सुटायलाच हवं, नाहीतर गुडघा सुटतो.

बूट: एकच पातळ मोजा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरावीत. दोन मोजे घातले की टाच उचलते आणि पाय उलट जास्त गार पडतो, कारण रक्त दाबलं जातं.

काठ्या: मोठ्या चकत्यांच्या. झाडीत शिरताना मनगटाचे पट्टे काढायचे. फांदीत काठी अडकली तर खांदा निखळतो.

गॉगल: ढगाळ दिवसाची फिकट काच वेगळी हवी. कपाळावर चढवू नका, घामाच्या वाफेने आतून गोठतो.

हरवलेली स्की शोधायला दोन मीटरची भडक रिबीन बाइंडिंगला बांधून पँटच्या पायात खोचावी, हे माझं मत.

पावडर_भिया

रिबिनीवर असहमत. झाडीत ती बाहेर आली तर फांदीला गुंतते. स्की बहुधा पडलेल्या जागेजवळच, बऱ्याचदा किंचित वर सापडते. काठी आडवी फिरवत ओळीने शोधा.

मूळ मुद्दा: बघायचं झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे. नजर जिथे, स्की तिथे. पुढची दोन-तीन वळणं आधी ठरवा, वळणं छोटी ठेवा, वेग इतकाच की दोन झाडांच्या आत थांबता येईल. सोबत्याशी दर काही वळणांनी थांबून हाक. हाकेच्या अंतराबाहेर कोणी नाही.

बुंध्याभोवतीचा खड्डा म्हणजे ट्री वेल. फरच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, म्हणून खोडालगत तो साचतच नाही, जागा पोकळ राहते. लोक डोकं खाली, पाय वर असे आत जातात आणि गुदमरतात. पडताना खोड किंवा फांदी धरा, डोकं वर ठेवा. आत गेलातच तर हातपाय झाडू नका, वरचा बर्फ अंगावर येतो. तोंडापुढे हवेची जागा करा, शिटी वाजवा. काढणाऱ्याने पायाला धरून ओढू नये. डोकं कुठे असेल याचा अंदाज घेऊन बाजूने खणावं.

लष्करकर (ग्वाल्हेर)

रिबीन खोचलेली बाहेर येत नाही, नीट खोचली तर. असो.

खिलनमर्ग

"झाडीत हिमस्खलन होत नाही" हा गैरसमज सोडा. आरामात स्की करता येईल इतकी झाडं विरळ असतील, तर बर्फालाही तिथून यायला जागा आहे. खूण पाहा: झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या आणि खालच्या बाजूच्या शाबूत असतील तर ती हिमस्खलनाची वाट. ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात धोक्याचा. कोन फोनवर मोजता येतो. फेब्रुवारी २०२३मध्ये अफरवटच्या हापतखुदला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर मरण पावले, फेब्रुवारी २०२४मध्ये खिलनमर्ग भागात एक रशियन. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन आणि गस्ती पथकाचा फलक रोज सकाळी वाचा.

प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), २४० सेंटिमीटरची प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची काठी), धातूचं फावडं. तिन्ही. बीकनमध्ये अल्कलाइन सेल घाला, आणि फोन त्यापासून पाठवताना २० व शोधताना ५० सेंटिमीटर दूर ठेवा, नाहीतर सिग्नल बिघडतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर गाडलेल्याची जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते, म्हणजे काढणार तो सोबतीच. सराव इंदूरला बागेतही होतो: एकाने बीकन पिशवीत घालून लपवायचा, दुसऱ्याने शोधायचा.

मार्गांचं: पहिले दोन दिवस गोंडोलाच्या तारेजवळची झाडी. सूर बसला की स्थानिक गाईड घेऊन बाबारेशी किंवा द्रुंग या खालच्या गावांच्या बाजूला. खाली नाले फाटतात, चुकीच्या नाल्यात शिरलात तर परत चढण्यात दिवस जातो. गाडीवाल्याला खालच्या गावात आधीच बोलावून ठेवा. टंगमर्ग सुमारे २,१५० मीटरवर, खालचा बर्फ पातळ; मऊ थराखाली दगड आणि ओंडके असतात. शेवटच्या टप्प्यात भाड्याच्या स्कीचा तळ चिरतो आणि भरपाई तुमच्याकडून घेतात.

विमा घेताना "ऑफ-पिस्ट" (तयार पट्ट्याबाहेरचं स्कीइंग) वगळलंय का ते पॉलिसीच्या अपवादांत शोधा. बहुतेकदा वगळलेलं असतं.

राजवाडा_चौक (धागाकर्ती)

तयारीचं कोणी लिहिलं नाही म्हणून: मांड्या उतरताना थकतात, चढताना नाही. रालामंडळ चढा, पण भर उतरण्यावर द्या, हळू, गुडघे वाकवून, आठवड्यातून तीनदा, दोन महिने आधीपासून. ग्वाल्हेरकरांना किल्ल्याचा चढ आहेच. इंदूर ५५० मीटरवर, तेव्हा पहिली रात्र श्रीनगरला, दोन गुलमर्गला, मग फेज टू. डोकं दुखत असेल तर वर जायचं नाही.

ज्यांची वळणं अजून कच्ची आहेत त्यांनी आधी गुलमर्गची आयआयएसएम (स्कीइंग-पर्वतारोहणाची सरकारी संस्था) किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांचा बेसिक कोर्स करावा. जागा लवकर भरतात.

पुढच्यांनी स्की दुरुस्ती आणि तळाला मेण लावण्यावर लिहावं, ते राहिलंय.