बुडापेस्ट २०२३, महिला १०० मीटर: उपांत्य फेरीत तिसरी, अंतिम फेरीत नववी लेन, तरी १०.६५ कसं?

प्रश्न: चुन्याची_रेघ

ऑगस्ट २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली महिला १०० मीटरची अंतिम शर्यत पुन्हा बारकाईने पाहतोय. शॅकारी रिचर्डसन उपांत्य फेरीत सुरुवातीलाच मागे पडली आणि १०.८४ मध्ये तिसरी आली. त्याच शर्यतीत शेरिका जॅक्सन आणि मारी-जोसे ता लू दोघींची वेळ १०.७९ होती. थेट प्रवेश पहिल्या दोघींनाच, म्हणजे रिचर्डसन वेळेच्या जोरावर आत आली. त्याच संध्याकाळी अंतिम फेरीत तिने नवव्या लेनमधून १०.६५ धावून स्पर्धेचा विक्रम केला. जॅक्सन १०.७२, शेली-ॲन फ्रेझर-प्राइस १०.७७.

विचारायचं ते असं:

१. लेन कशी ठरते? सरळ शर्यतीत कडेच्या लेनचा खरंच तोटा होतो का?
२. एवढ्या कमी वेळात तिने सुरुवात सुधारली, की शर्यत दुसरीकडेच कुठे जिंकली?
३. वारा उलटा होता (उणे ०.२ मीटर प्रति सेकंद). मग या वेळेची तुलना इतर विजेत्या वेळांशी कशी करायची?

शाळेतल्या मुलींना ही शर्यत दाखवून समजवायची आहे, म्हणून नेमकी उत्तरं हवीत.

मीटरपट्टी

लेनचं आधी सांगतो, कारण टीव्हीवर हे नेहमी अर्धवट सांगतात.

अंतिम फेरीसाठी क्रमवारी लावताना नुसती वेळ बघत नाहीत. आधी तिन्ही उपांत्य शर्यतींच्या विजेत्या, आपापसात वेळेनुसार. मग तिन्ही दुसऱ्या. वेळेच्या जोरावर आलेल्या सगळ्यात शेवटी, मग त्यांची वेळ दुसऱ्या उपांत्य शर्यतीतल्या एखादीपेक्षा चांगली का असेना. आठ लेनच्या ट्रॅकवर पहिल्या चौघींमध्ये ३, ४, ५, ६ या लेनसाठी चिठ्ठ्या पडतात, पाचवी-सहावीला २ आणि ७, उरलेल्या दोघींना १ आणि ८. नऊ लेन असल्या तरी तत्त्व तेच: वरच्या मध्ये, खालच्या कडेला. म्हणून रिचर्डसन थेट कडेला गेली.

आता तोट्याचं. लेनची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या आणि नवव्या लेनच्या मध्यांत पावणेदहा मीटर अंतर पडतं. पूर्वी स्टार्टर एका बाजूला उभा राहून पिस्तूल उडवायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे लांबच्या लेनला तो जवळपास ०.०२८ सेकंद उशिरा ऐकू यायचा. जिथे पदकं ०.०१ ने हुकतात तिथे हा मोठा अन्याय होता. आता प्रत्येक ब्लॉकमागे (सुरुवातीला पाय टेकवायच्या आधारामागे) स्वतंत्र स्पीकर असतो, त्यामुळे आवाज सगळ्यांना एकाच वेळी पोचतो. हा तोटा संपलाय.

उरतो तो नजरेचा भाग. मधल्या लेनमध्ये दोन्ही बाजूंना कोण कुठे आहे हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळत राहतं. कडेला एकच शेजारीण. काही जणी त्याने सैल पडतात, काहींना उलट मोकळं वाटतं. ट्रॅक, अंतर, वारा या हिशेबात मात्र नववी लेन पाचवीच्या तोडीचीच. तेव्हा ‘नवव्या लेनमधून जिंकली म्हणून अचाट’ असं मुलींना सांगू नका. अचाट आहे ती १०.६५ ही वेळ.

वळणावरची

दुसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. यातच शर्यत आहे.

अंतिम फेरीतली तिची सुरुवात उपांत्य फेरीपेक्षा बरीच बरी होती, पण पहिल्या तीस मीटरमध्ये ती पुढे नव्हती. तो टप्पा फ्रेझर-प्राइसचा. उंची १.५२ मीटर, १०० मीटरची पाच जागतिक विजेतेपदं (२००९, २०१३, २०१५, २०१९, २०२२), आणि ब्लॉकमधून बाहेर पडण्यात तिच्या तोडीच्या फार थोड्या. त्यामुळे डाव्या-उजव्या लेनकडे बघत बसू नका. व्हिडिओ ६० मीटरला थांबवा आणि तिथून पुढे एकेक फ्रेम सरकवा.

महिलांच्या १०० मीटरमध्ये सर्वोच्च वेग साधारण ५० ते ६० मीटरच्या पट्ट्यात येतो. त्यानंतर प्रत्येक जण मंदावते, विश्वविक्रमवालीसुद्धा. शेवटच्या वीस मीटरमध्ये एखादी ‘सुसाट सुटली’ असं वाटतं, तेव्हा ती वेग वाढवत नसते. बाकीच्या जास्त मंदावत असतात आणि ती कमी. रिचर्डसनने शर्यत इथे जिंकली. जॅक्सनसुद्धा शेवटी फार मजबूत आहे. याच स्पर्धेत तिने २०० मीटर २१.४१ मध्ये जिंकलं. अशा धावपटूला शेवटच्या टप्प्यात मागून गाठणं किती अवघड, हे मुलींना मुद्दाम सांगा.

मंदावणं कशाने वाढतं? शेजारीण पुढे दिसली की आधी मान आणि जबडा आवळतो, मग खांदे कानांकडे चढतात. हात आखडतात. पावलांची गती पडते आणि ती भरून काढायला धावपटू टांग लांब टाकायला बघते. पाऊल कमरेच्या बरंच पुढे पडलं की तेच ब्रेकचं काम करतं. अंतिम फेरीच्या ७० ते ९० मीटरमध्ये रिचर्डसनचे खांदे आणि चेहरा बघा, मग मागे पडत चाललेल्यांचे बघा. फरक स्लो मोशनमध्ये स्वच्छ दिसतो.

शाळेतल्या मुलींसाठी सूचना एकच: ‘जोर लाव’ असं शेवटच्या तीस मीटरला ओरडू नका. त्याने नेमकं तेच आवळणं होतं. ‘खांदे खाली, पाऊल खाली’ एवढंच म्हणा.

सुरुवातीच्या चुकाही याच शर्यतीवरून दाखवता येतील. ‘सेट’मध्ये (पिस्तुलाआधी कंबर उचलून थांबतात तेव्हा) पुढच्या गुडघ्याचा कोन ९० अंशांच्या आसपास आणि मागच्याचा १२० ते १३० असावा. कंबर खांद्यांपेक्षा जराच वर. ती फार वर गेली की पाय आधीच सरळ होतात आणि ढकलायला काही उरत नाही. ब्लॉक बसवताना पुढची प्लेट रेघेपासून दोन पावलं आणि मागची तीन पावलं (त्या मुलीच्याच पावलाने) ठेवून बघा, मग प्रत्येकीला सोयीचं होईल तसं बोट-दोन बोटं सरकवा. डोकं पहिल्या पाच-सात पावलांत वर काढायचं नाही.

निमिष

वाऱ्याचं उत्तर देतो.

१०० मीटरला पिस्तूल उडाल्यापासून १० सेकंद वारा मोजतात. यंत्र अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, १.२२ मीटर उंचीवर, ट्रॅकपासून २ मीटरच्या आत असतं. पाठीमागून २.० मीटर प्रति सेकंदाहून जास्त वारा असेल तर वेळ विक्रमाला धरत नाहीत, पदक मात्र मिळतं.

महिलांच्या १०० मीटरला २.० च्या अनुकूल वाऱ्याने साधारण ०.१२ सेकंदांचा फायदा होतो. म्हणजे वाऱ्याच्या दर सेकंदाला १ मीटरमागे ०.०६ धरा. आधीचा स्पर्धा विक्रम फ्रेझर-प्राइसचा १०.६७, युजीन २०२२, वारा अधिक ०.८. बुडापेस्टला उणे ०.२. दोन्हींत पूर्ण १ मीटरचा फरक. कागदावर ०.०२ ने मोडलेला विक्रम प्रत्यक्षात ०.०८ च्या आसपासचा ठरतो. (तो विक्रमही आता राहिलेला नाही. टोकियो २०२५ मध्ये मेलिसा जेफरसन-वूडनने १०.६१ केलं. तिथे टीना क्लेटन १०.७६ आणि ज्युलियन आल्फ्रेड १०.८४.)

विश्वविक्रम अजून फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा १०.४९, इंडियानापोलिस, १९८८. त्या शर्यतीत वाऱ्याचं यंत्र ०.० दाखवत होतं, आणि त्याच सुमाराला शेजारी चाललेल्या तिहेरी उडीला जोराचा वारा नोंदला जात होता. म्हणून जाणकार त्या आकड्याशी तुलना टाळतात. मीही टाळतो.

मुलींना फॉल्स स्टार्टही समजवा, नाहीतर उपांत्य फेरीतल्या उशिराला त्या आळस म्हणतील. ब्लॉकमधला सेन्सर पायाचा दाब मोजतो. पिस्तुलानंतर ०.१०० सेकंदाच्या आत दाब बदलला तर फॉल्स स्टार्ट, आणि २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद. ऑलिंपिक विजेती क्रिस्टीन ओहुरुओगू २०११ च्या देगू स्पर्धेत ४०० मीटरच्या पहिल्याच फेरीत अशी बाहेर गेली. ज्युलियन आल्फ्रेडही युजीन २०२२ ला १०० मीटरच्या उपांत्य फेरीत बाद झाली आणि दोन वर्षांनी पॅरिसला १०.७२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली, सेंट लुशियाचं पहिलं ऑलिंपिक पदक. पिस्तुलाचा अंदाज बांधून उठायचं नाही, आवाज ऐकूनच उठायचं. थोडा उशीर पुढे भरून निघतो, बाद झालात तर संपलं.

चुन्याची_रेघ

तिघांचे आभार. वळणावरची ताई, खांद्यांचं सांगितलंत ते आज पुन्हा पाहिलं, जॅक्सनच्या पुढे जाताना अगदी तसंच दिसतं.

आणखी दोन शंका. सरळ शर्यतीत लेनने फरक पडत नाही, मग २०० मीटरला? आणि ०.०१ ने निकाल लागतो तेव्हा फोटोत नक्की काय बघतात? मुलींना वाटतं की डोकं आधी पोचलं की जिंकली.

मीटरपट्टी

२०० मीटरला फरक पडतो आणि तो मोजता येतो.

प्रमाणित ट्रॅकवर पहिल्या लेनची धाव-रेषा ३६.८० मीटर त्रिज्येची असते, नवव्या लेनची ४६.४६. वळणावर सेकंदाला १० मीटर वेग धरला तर ५५ किलोच्या धावपटूला पहिल्या लेनमध्ये साधारण १५ किलो वजनाइतकं बाजूचं बळ लावावं लागतं, नवव्यात १२. ते बळ पायच पुरवतात, म्हणजे पुढे ढकलायला तेवढं कमी उरतं. आतल्या लेनमध्ये डावा पाय जास्त दमतो आणि उंच मुलींना ते जास्त जाचतं.

सुरुवातीची रेघ दुसऱ्या लेनला ३.५२ मीटर पुढे, नंतर प्रत्येक लेनला आणखी ३.८३. नववी लेन पहिलीपेक्षा सुमारे ३० मीटर पुढून सुटते. वळणाची लांबी सगळ्यांना सारखीच, ११५.६१ मीटर, पण बाहेरचं वळण सौम्य. तोटा इतकाच की बाहेरच्या लेनमधून सरळ पट्टीवर येईपर्यंत पुढे कोणीच दिसत नाही. म्हणून २०० ला वरच्या क्रमांकांना ५, ६, ७ देतात आणि १, २ सगळ्यात खालच्यांना.

निमिष

फोटोत धड बघतात. डोकं, मान, हात, पाय यांतलं काहीच धरत नाहीत. खांद्यापासून कमरेपर्यंतच्या धडाचा पहिला बिंदू रेषेच्या उभ्या प्रतलाला लागला की तीच वेळ.

फोटो फिनिशचं चित्र नेहमीच्या फोटोसारखं नसतं. कॅमेरा फक्त रेषेचा केसाएवढा पट्टा सेकंदाला हजारो वेळा टिपतो आणि ते पट्टे शेजारी शेजारी चिकटवतो. म्हणून चित्रातली मागची जागा म्हणजे नंतरची वेळ. रेषेवर टेकलेलं पाऊल लांबच लांब ताणलेलं दिसतं, कारण तेवढा वेळ ते रेषेवरच होतं. पंच धडावर उभी रेघ सरकवून वेळ वाचतात, आणि वेळ नेहमी वरच्या शतांशात जाते: १०.६४१ आलं तरी १०.६५ छापतात.

तेव्हा ०.०१ म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर. रिचर्डसन आणि जॅक्सनमधले ०.०७ म्हणजे सत्तर. याउलट स्टुटगार्टच्या १९९३ च्या जागतिक स्पर्धेत गेल डेव्हर्स आणि मर्लिन ओटी दोघी १०.८२, सुवर्ण डेव्हर्सला, फरक सहस्रांशाचा. बीजिंग ऑलिंपिक २००८ ला शेरोन सिम्पसन आणि केरॉन स्ट्युअर्ट दोघी १०.९८, त्या वेगळ्या काढताच आल्या नाहीत. दोघींना रौप्य दिलं, कांस्य कोणालाच नाही.

छाती पुढे टाकायची ती शेवटच्या पावलाला. दोन पावलं आधी वाकली की तोल पुढे जातो आणि वेग पडतो.

वळणावरची

एक पुरवणी, कारण मुली या वेळांची तुलना स्वतःच्या वेळेशी करणारच. जिल्हा स्पर्धांत बहुतेक ठिकाणी हातघड्याळ असतं. घड्याळ पिस्तुलाच्या धुरावर किंवा ठिणगीवर सुरू करायचं, आवाजावर नाही. रेषेजवळ उभ्या माणसापर्यंत आवाज पोचायलाच ०.२९ सेकंद लागतात. वेळ वरच्या दशांशात लिहायची, ११.३२ दिसलं तर ११.४. आणि इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ मिळवायचे, ४०० ला ०.१४.

द्युती चंदचा राष्ट्रीय विक्रम ११.१७ आहे, बुडापेस्टची प्रवेश पात्रता ११.०८ होती. हातघड्याळावर ११.४ धावलेल्या मुलीने स्वतःला ११.६४ धरून या आकड्यांशेजारी ठेवावं.