युरोपा लीग : 90 मिनिटांचा हिशोब

युरोपा लीग म्हणजे युरोपातल्या फुटबॉल क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा. तिच्यात मँचेस्टर युनायटेड जिंकूनही त्यांच्यावर लावलेली पैज हरली, असं कसं, हा प्रश्न पडतो. उत्तर फ्रान्सच्या ल्याँ क्लबविरुद्धच्या सामन्यातच आहे. एप्रिल 2025, युनायटेडचं मैदान ओल्ड ट्रॅफर्ड. 90 मिनिटांनंतर 2-2. जादा वेळेत ल्याँ 4-2 पुढे, मग शेवटच्या सात-आठ मिनिटांत युनायटेडचे तीन गोल, मॅग्वायरचं हेडर आणि 5-4! (मी तर 4-2 ला टीव्ही बंद केला होता.) पण इंग्लंडमधल्या बुकींचा 'सामना कोण जिंकणार' हा नेहमीचा भाव (पैजेचा दर) 90 मिनिटं अधिक इंज्युरी टाइम एवढ्यापुरताच असतो. म्हणजे त्यांच्या वहीत तो सामना बरोबरीत सुटला. 'पुढच्या फेरीत कोण' हा भाव वेगळा, तो घेतलेल्यांना पैसे मिळाले.

दुसरं, जुने आडाखे आता विसरा. अवे गोलचा नियम (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) 2021-22 पासून गेला. 2024-25 पासून सुरुवातीच्या फेरीत गटही नाहीत. सगळ्या 36 संघांचं एकच टेबल, प्रत्येकी 8 सामने. पहिले 8 थेट अंतिम सोळांत, 9 ते 24 प्लेऑफमध्ये (उरलेल्या जागांसाठीची बाद फेरी), बाकीचे घरी. चॅम्पियन्स लीगमधून (युरोपातली सर्वांत वरची क्लब स्पर्धा) मध्येच घसरून येणारे तगडे संघही बंद झाले, त्यामुळे सुरुवातीला लावलेला विजेत्याचा भाव फेब्रुवारीत अचानक बिघडत नाही.

आणि देशातल्या लीगच्या टेबलावरून तर अंदाज बांधूच नका. 2025 ची फायनल इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या सोळाव्या-सतराव्या जागेच्या आसपासच्या दोघांत, युनायटेड आणि टॉटनहॅममध्ये झाली, आणि सतरावा टॉटनहॅम जिंकून चॅम्पियन्स लीगमध्ये गेला.