‘पुट ऑफ’ म्हणजे बंद करणे, रद्द करणे की पुढे ढकलणे?

प्रश्न:
नमस्कार. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असून सध्या लंडनच्या सहकाऱ्यांबरोबर काम करते. व्याकरण पक्के आहे, पण क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ चिकटले की माझी गाडी अडते. ‘लाइट पुट ऑफ कर’ हे लहानपणापासून ऐकलेले असल्यामुळे ‘वी आर पुटिंग द डेमो ऑफ’ हे वाक्य कानावर पडताच डेमो रद्द झाला असे मी समजले आणि ग्राहकाला तसे कळवून बसले. प्रत्यक्षात तो फक्त पुढे ढकलला होता. याद्या पाठ करूनही लक्षात राहत नाही, काय करावे?

प्रतिसाद १:
आपण लिहिलेले ‘कळवून बसले’ हेच पाहा. त्यात कोणी खुर्चीवर बसलेले नाही. नको ते होऊन गेल्याची रुखरुख तेवढी ‘बसणे’ या क्रियापदाने आणली आहे. ‘खाऊन टाक’ म्हणताना काही टाकायचे नसते, तसेच ‘ईट अप’मध्ये काही वर जात नाही, दोन्हीकडे ताट रिकामे करण्याचाच अर्थ आहे. आपण जे काम दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेतो, ते इंग्रजी या लहान शब्दांकडून करून घेते. म्हणून ‘पुट’ची यादी करण्याऐवजी वहीत ‘अप’चे वेगळे पान करावे आणि ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘ड्राय अप’ शेजारीशेजारी लिहावेत. ‘गिव्ह अप’सारखे काही त्यात नीट बसणार नाहीत, ते मात्र सुटे लक्षात ठेवावे लागतात.

प्रतिसाद २:
वहीत पूर्ण वाक्य लिहावे, तेही सर्वनामासह. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. पण ‘लुक आफ्टर हर’मध्ये सर्वनाम शेवटीच येते. हा फरक नुसत्या अर्थांच्या यादीत कधीच दिसत नाही.

प्रतिसाद ३:
‘पासआउट’ हा शब्दही जपून वापरावा. खडकवासल्याच्या एनडीएतील ‘पासिंग आउट परेड’ हा सैनिकी वापर ब्रिटनमध्येही आहे, परंतु ‘आय पास्ड आउट इन २०१६’ असे परदेशी सहकाऱ्याला सांगितल्यास आपण त्या वर्षी बेशुद्ध पडलो होतो असेच त्याला वाटेल. तेथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. ‘ऑफ’चे पान आजच उघडले आहे. ‘कॉल इट ऑफ’ म्हणजे रद्द करणे आणि ‘पुट इट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, ही दोन वाक्ये मुद्दाम एकाखाली एक लिहिली आहेत.