खोली दुसऱ्याला गेली, तरी ॲडव्हान्स मालकाचाच?

धागाकर्ती, पुणे
नाताळात दापोलीजवळच्या मुरूडला दोन रात्रींसाठी तीन खोल्या ठरवल्या होत्या. एकूण १८,००० रुपये, त्यातले ९,००० ऑक्टोबरातच पाठवले. २९ नोव्हेंबरला सासऱ्यांची बायपास ठरली आणि त्याच दुपारी मी फोन करून बुकिंग रद्द केलं. २५ डिसेंबरला अजून २६ दिवस होते. उत्तर आलं, "ॲडव्हान्स परत मिळत नाही, नियम आहे." हा नियम पैसे भरण्याआधी कोणी सांगितला नव्हता. पैसे पोचल्यावर जी पावती आली, तिच्या तळाशी तो होता. पुढे २४ तारखेला त्याच घराच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर "हाऊसफुल्ल, धन्यवाद" लागलं. माझ्या खोल्यांत कोणी तरी राहिलं, त्यांनी पूर्ण भाडं दिलं, आणि माझे ९,०००ही तिथेच राहिले. मालकाचं जेवढं नुकसान झालं तेवढं त्याने कापावं. बाकीचे पैसे माझे आहेत, असं मी मानते.

देवबागचा यजमान
ताई, सासऱ्यांना लवकर बरं वाटो. पण मी तुमच्या विरुद्ध बोलणार आहे. आमचा धंदा म्हणजे दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि मे महिना. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, खोल्यांच्या भिंतींना ओल. त्या दोन-अडीच महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं असतं. आणि लोक काय करतात? तारकर्ली, देवबाग, भोगवे, तिन्हीकडे खोल्या धरून ठेवतात आणि आयत्या वेळी दोन सोडतात. गेल्या मे महिन्यात पाच खोल्यांच्या ग्रुपने आदल्या रात्री दहा वाजता फोन केला, "येत नाही." सुरमई सांगून ठेवलेली, रांधायला दोघी बायका बोलावलेल्या. त्यांची मजुरी मी दिलीच, आणि त्या खोल्यांसाठी आठवडाभर ज्यांना नाही म्हटलं, ते परत आले नाहीत. ॲडव्हान्स परत द्यायचा ठरला तर खोली अडवून ठेवायला कोणाला काय लागतं?

वकील, रत्नागिरी
दोघांच्याही बाजूने कायदा आहे, पण सारखा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम ७४ म्हणतं की करार मोडला तर वाजवी भरपाई मिळेल, करारात लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते आधी भरलेल्या पैशांनाही लावलं. दुसरीकडे, वाजवी विसार जप्त करायला न्यायालयांनी मान्यताही दिली आहे. म्हणून "नियम आहे" एवढ्याने भागत नाही, रक्कम आणि तोटा यांचा मेळ बघितला जातो. देवबागकरांच्या त्या रात्रीच्या ग्रुपने ॲडव्हान्स मागितला असता तर मी त्यांना दारात उभं केलं नसतं. इथे मात्र तोटा दिसत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तोट्याच्या मानाने अवाजवी दंड लावणाऱ्या अटीला "अनुचित करार" म्हटलं आहे. पण ती तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सेवेतली त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा म्हणून मांडली तर जिल्हा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

देवबागचा यजमान
आणि तक्रार पुण्यात दाखल झाली तर मी घर सोडून पुण्याला फेऱ्या मारायच्या?

वकील, रत्नागिरी
ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, हे खरं आहे. पण अर्ज दिला तर सुनावणी व्हिडिओवर घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे.

दरवर्षी कोकण, ठाणे
मी यजमानांच्या बाजूने. एकदा मालवणला पोचलो आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला. होडीवाल्याने पैसे परत दिले, कारण होडी सुटलीच नाही. आमच्यातला एक जण खोलीचे पैसेही परत मागायला लागला. खोली होती, आम्ही झोपलो, जेवलो. कसले पैसे परत?

दिवेआगरची वाडी
मीही दोन खोल्या चालवते, तरी ताईंशी सहमत. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा एप्रिल-मेचे ॲडव्हान्स आमच्याकडे होते. माणसं येऊ शकत नव्हती, आम्ही ठेवू शकत नव्हतो. दर आठवड्याला थोडे थोडे करून सगळे परत पाठवले. ३ जूनला निसर्ग वादळाने वाडीतल्या सुपाऱ्या झोपवल्या, घराची कौलं उडाली. त्या वेळी ज्यांचे पैसे परत केले होते, त्यांतल्या तीन कुटुंबांनी विचारपूस करून कौलांसाठी पैसे पाठवले. आज तीच माणसं येतात. आमची अट पैसे घेण्याआधीच पाठवते: १५ दिवस आधी कळवलं तर ५०० रुपये कापून बाकीचे परत, त्यानंतर निम्मे, शेवटच्या तीन दिवसांत काही नाही.

धागाकर्ती, पुणे
शेवटच्या तीन दिवसांचं मला पूर्ण मान्य आहे. त्या पाच खोल्यांच्या ग्रुपने केलं ते वाईटच केलं. देवबागकर, मला तुमच्याकडून एकच ऐकायचं आहे. खोली दुसऱ्याला गेली, तर पहिल्याचा ॲडव्हान्स कशाचा?

देवबागचा यजमान
गेली तर कशाचाच नाही. फोनाफोनीचे हजार-पाचशे कापेन, बाकी परत करेन. पण गेली की नाही हे २५ तारीख उलटल्यावरच कळतं, तोवर पैसे माझ्याकडे राहतील. आणि अट आधी सांगायची हे मात्र माझ्याकडूनही राहून जातं, आज रात्री मेसेज बदलतो.

धागाकर्ती, पुणे
२५ उलटेपर्यंत थांबायला मी तयार होते. मुरूडला उद्या रजिस्टर पत्र पाठवते आहे: हजार कापा, ८,००० परत करा, पंधरा दिवसांत.