मदत हवी आहे : फ्लॅग डेच्या कागदी बिल्ल्यांतली गंजलेली टाचणी काढावी का?

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश 'फ्लॅग डे'च्या (रस्त्यावर बिल्ले देऊन मदतनिधी गोळा करायचा दिवस) कागदी बिल्ल्यांची नोंद चालू आहे. बहुतेकांत मूळ लोखंडी टाचणी आहे आणि तिच्याभोवतीचा कागद तपकिरी, ठिसूळ झालाय. टाचणी ओढली तर भोक फाटतं, ठेवली तर गंज पसरतो. शिवाय वाकलेली टाचणी, दुसरं भोक हे बिल्ला कुणीतरी खरोखर लावल्याचे पुरावे. ते पुसायचे नाहीत.

टाचणी काढून त्याच क्रमांकाच्या पाकिटात ठेवावी, की मध्ये पॉलिएस्टरची पातळ पट्टी सरकवून जागेवरच? आर्द्रतेचाही पेच आहे : लोखंडाला ४० टक्क्यांखाली बरी, कागदाला ४५-५०. एकाच डबीत तुम्ही कोणता आकडा धरता? पीव्हीसीची पाकिटं बाद केलीत. सेल्युलॉइडचे (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचे) गोल बिल्लेही वेगळे काढलेत. ते खराब होऊ लागले की आम्लधर्मी वाफ शेजारचा कागद खाते.

दुसरं, वर्ष न छापलेल्यांचा काळ कसा ठरवावा? १९१६च्या कायद्याने रस्त्यावरच्या निधीसंकलनावर पोलिसांना नियम करता आले. स्थानिक वर्तमानपत्रांखेरीज परवानग्यांच्या नोंदी कुणी या कामासाठी वापरल्यात का?