चाळीच्या लाकडी जिन्याला ग्रॅफाइटचा अग्निरोधक लेप: मार्गदर्शन हवे आहे

गिरगावकर:
आमच्या तीन मजली चाळीचा जिना, कठडे आणि कडीपाट जुन्या सागवानाचे आहेत. मीटरच्या खोलीचे दार जिन्याखालीच उघडते आणि वरच्या मजल्यावरील वृद्धांना उतरायला दुसरी वाट नाही, म्हणून यंदाच्या दुरुस्तीत लाकडाला अग्निरोधक लेप द्यायचे ठरले आहे. ऑइलपेंटमध्ये ग्रॅफाइटची पूड घोटून लावली की काम होते, असे रंगारी सांगतात. ग्रॅफाइट म्हणजे शेवटी कार्बनच; तो आग कशी थोपवणार, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

रंगरसायन, अंबरनाथ:
ही सूचना कृपया स्वीकारू नये. कुलपात घालतात ती ग्रॅफाइटची साधी पूड तापल्यावर फुगत नाही, आणि ऑइलपेंट तर स्वतःच जळतो. अग्निरोधक लेपात प्रसरणशील ग्रॅफाइट वापरतात. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. त्याच्या नैसर्गिक पापुद्र्यांवर प्रक्रिया करून या थरांच्या मध्ये बहुधा गंधकाम्ल बसवलेले असते. तापमान साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की तिथे वायू निर्माण होऊन थर दूर ढकलले जातात आणि प्रत्येक पापुद्रा अळीसारखा लांबत जातो. चांगल्या प्रतीत आकारमान 200 पटींहूनही अधिक वाढते. या हवा धरून ठेवणाऱ्या थरामुळे उष्णता आणि प्राणवायू लाकडापर्यंत सहज पोहोचत नाहीत. लाकडाचा कोळसा साधारण 300 अंशांना होऊ लागतो, म्हणजे कवच त्याच्या आधीच तयार झालेले असते.

मात्र या ‘अळ्या’ एकमेकींना घट्ट धरत नाहीत आणि ज्वाळांच्या झोताने उडून जातात. म्हणून जोडीला अमोनियम पॉलिफॉस्फेटसारखे द्रव्य घालतात, जे तापल्यावर त्यांना सांधून ठेवते. पापुद्रा मोठा तितका फुगवटा अधिक, त्यामुळे हे ग्रॅफाइट घोटून बारीक करणे म्हणजे त्याचा गुणच घालवणे होय.

अग्निसुरक्षा सल्लागार, ठाणे:
वरील विवेचन योग्य आहे. मला विजेविषयी आग्रहाने सांगायचे आहे. ग्रॅफाइट विद्युतवाहक असल्यामुळे मीटर, वायरिंग आणि स्विचबोर्ड यांच्यावर हा लेप चुकूनही जाऊ देऊ नये. विक्रेत्याकडे लाकडावर केलेल्या चाचणीचा अहवाल मागावा. पोलादासाठीच्या चाचण्यांत बहुधा 550 अंशांच्या आसपासचे तापमान निर्णायक मानतात, कारण तिथे पोलादाची ताकद जवळपास निम्मी होते. लाकडाला ती मर्यादा लागू पडत नाही. पायऱ्यांच्या वरच्या बाजूचा लेप पावलांनी झिजेल, म्हणून खालची बाजू आणि तुळया यांना प्राधान्य द्यावे. पावसाळ्यातील दमट हवेपासून वाचवण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वरचा संरक्षक थर टाळू नये. या लेपाने उतरायला काही मिनिटे अधिक मिळतात, आग लागायची थांबत नाही. मीटरच्या खोलीतील जुने वायरिंग आधी बदलावे.

गिरगावकर:
मनःपूर्वक आभार. वायरिंगचे काम पहिल्या टप्प्यात घेण्याचा आग्रह मी समितीकडे धरतो. एक शंका उरते: लाकडावर ऑइलपेंटचे अनेक जुने हात आहेत, त्यांवरच लेप चालेल का?

रंगरसायन, अंबरनाथ:
नाही. आगीत जुना रंग मऊ होऊन सुटतो आणि त्याच्याबरोबर फुगलेले कवचही गळून पडते. लाकूड उघडे होईपर्यंत रंग खरवडून काढावा, ते पूर्ण वाळू द्यावे आणि हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे.